जयाची वाटी, नीलाच्या कडीला

"लाव म्हणते ना! मी उभी राहते इथे. फुटला तर दोघींच्या तोंडावर फुटेल."

"तुझं तोंड फुटलं तर तुझा नवरा माझ्या दारात येईल भांडायला."

"तो कशाला येतोय! त्याने लग्नात पण तोंड नीट बघितलं नव्हतं."

हे भांडण मी माझ्या खोलीत तांदूळ निवडत ऐकलं. कान लावायची गरज नव्हती. डोंबिवलीला आमच्या चाळीत दोन खोल्यांमधली भिंत छपरापर्यंत गेलेलीच नव्हती. एकीच्या फोडणीचा ठसका दुसरीला लागायचा, तिथे भांडण कुठे अडणार? डावीकडे नीला, उजवीकडे जया, मध्ये मी. त्या दिवशी दोघी डावीकडे होत्या आणि भांडण कुकरवरून होतं.

नीलाच्या नवऱ्याला कंपनीतून दिवाळीला कुकर मिळालेला. नीलाने तो फळीवर ठेवला, त्याला हळदकुंकू लावलं आणि तिथेच राहू दिला. कारण तिच्या भावाने, धाकूने, राजापुराहून निरोप धाडला होता की कुकर हा सगळा शेटलोकांचा कावा आहे. शिट्टी मुद्दाम कच्ची देतात, एक फुटला की दुसरा खपतो. कल्याणात कुणा बाईचं तोंड भाजलं म्हणे. कुणा बाईचं, ते धाकूला माहीत नव्हतं. पण भाजलं होतं एवढं नक्की होतं.

शेवटी जयानेच काडी ओढली. दोघी एकमेकींना धरून उभ्या असणार, कारण पहिली शिट्टी झाली तेव्हा दोन किंकाळ्या एकाच जागेवरून आल्या. तिसरी माझी. शिट्टीबरोबर स्टोव्ह बंद. डाळ कच्चीच राहिली. तीच दोघींनी भातावर घेऊन खाल्ली आणि दुपारभर हसत बसल्या.

जयाचं असंच होतं. समजावणं म्हणजे तोंडाने बोलणं, असं तिला वाटायचंच नाही. समजावणं म्हणजे शेजारी उभं राहणं.

जया बौद्ध. जुन्नरकडची. चाळीत नवीन आली तेव्हा दोन-तीन घरं अशी होती की तिच्याशी हसून बोलायची, पण तिच्या हातचं पाणी प्यायची नाहीत. कुणी तोंडाने काही म्हणायचं नाही. जयाला ते न म्हटलेलंच आधी ऐकू यायचं. पहिल्याच आठवड्यात नीलाने काळ्या वाटाण्याची उसळ केली आणि वाटी भरून स्वतः तिच्या खोलीत गेली. नुसती दारात नाही गेली, आत जाऊन पाटावर बसली आणि म्हणाली, "पाणी दे गो, तिखट झालंय माझंच मला." सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. नीला शिकलेली नाही, पण कुठे ओरडायचं ते तिला बरोबर कळायचं.

दुसऱ्या दिवशी वाटी परत आली ती शेंगदाण्याच्या चटणीने भरून. वाटी रिकामी परत करायची नाही हा आपल्याकडचा रिवाजच. काही नसलं तर चिमूटभर साखर. ती वाटी मग थांबलीच नाही. त्या दोघींचे नवरे गेले, चाळ पडली, तिच्या जागी बिल्डिंग उभी राहिली, आम्हा तिघींना एकाच मजल्यावर घरं मिळाली, पण वाटी आपली या दारातून त्या दारात.

नवरा लवकर गेला म्हणून जया ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये विजेच्या बटनांच्या कारखान्यात कामाला लागली. तिथे खोक्यांवर लेबलं चिकटवायची. लोकांना वाटायचं हिला विजेतलं कळतं. फ्यूज उडाला की हाक मारायचे. ती म्हणायची, "अरे, मला डिंकातलं कळतं. चिकटवायचं असेल काही तर बोलवा." तेवढ्या पगारात तिने मुलाला, राजरत्नला, शिकवलं. तो आता टिटवाळ्याला राहतो, बायको-पोरांबरोबर. आईला चल म्हणायचा. ती म्हणायची, "येते की, नीलाला पिशवीत घालून आणते." म्हणजे नाही.

नीलाचे गुडघे गेले. लिफ्ट होती, पण लिफ्टची तिला भीती. म्हणून खालची कामं जया करायची. त्यातलं मुख्य काम बुधवारचं. बुधवारी कोपऱ्यावर मोठागावची मावशी सुकी मासळी घेऊन बसते. नीलाचा जीव जवळ्यात. पण तिच्या सुनेला, प्रीतीला, घरात तो वास चालत नाही. म्हणून जया जवळा आणायची, आपल्या घरी कांद्यावर परतायची आणि वाटी नीलाकडे न्यायची. प्रीती ठाण्याला कामाला गेली की दोघी खिडकी उघडून भाकरीबरोबर खायच्या आणि मग उदबत्ती लावायच्या. प्रीतीला सगळं ठाऊक होतं. एकदा मला म्हणाली, "आजी, आमच्याकडे बुधवारीच एवढी भक्ती का असते?"

मग आले फोन.

आम्हा बायकांचा ग्रुप झाला. बिल्डिंगचं नाव अमुक रेसिडेन्सी, पण ग्रुपचं नाव 'आपली चाळ'. सकाळी फुलं यायची, सुविचार यायचे, आणि मग यायचं धाकूचं. म्हणजे धाकू गावाहून नीलाला धाडायचा आणि नीला ते आम्हाला. आज आकाशातून किरणं येणार, फोन उशाशी घेऊ नका. फोनला हळद लावून ठेवा, म्हणजे कंपनीला तुमचा चेहरा दिसत नाही. नीलाने लावलीही. आठवडाभर तिचा डावा गाल पिवळा.

सान्वी, माझी नात, म्हणायची, "जयाआजी, ग्रुपवर लिही ना की हे खोटं आहे. मी लिहून देते." जया म्हणायची, "चारचौघींत खोटं पाडलं की माणूस खोट्यालाच चिकटतं. चिकटवायचं काम मी केलंय, मला माहीत आहे." ग्रुपवर ती कधी एक अक्षर लिहायची नाही. वाटी घ्यायची आणि जायची.

टीव्ही आपलं बोलणं ऐकतो आणि परदेशात कळवतो, असं आलं होतं तेव्हाचं सांगते. नीलाने टीव्हीवर झालरीचा रुमाल टाकला, वर गणपतीचा फोटो. मालिका बघायची झाली की रुमाल वर करायचा आणि घरात कुणी बोलायचं नाही. जया गेली, रुमाल काढला, टीव्हीसमोर मांडी घालून बसली आणि मोठ्याने म्हणाली, "टीव्हीदादा, नीलाच्या सुनेला सांगा, सासूच्या चहात साखर घालत जा." नीलाला साखरेचा आजार, चहा बिनसाखरेचा. दुसऱ्या दिवशी जया परत गेली. "आली का साखर?"

"नाही गो."

"बघ. या घरात तुझं कोणीच ऐकत नाही. टीव्हीपण नाही."

नीला इतकी हसली की तिला ठसका लागला. रुमाल गेला. गणपती मात्र टीव्हीवरच राहिला. त्याला उठवायचं कुणी?

मग जया भाजी घेताना पडली. शुद्धच नाही. राजरत्न आला, ठाण्याच्या इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणाले हृदय फार सावकाश चालतंय, थांबतंय मध्येच. डाव्या खांद्याखाली कातडीच्या आत एक मशीन बसवलं, काडेपेटीएवढं. हृदय रेंगाळलं की ते त्याला ढकलतं. घरी आली तेव्हा चेहऱ्यावर तेज. म्हणाली, "आक्का, आता मला आळस करायची सोय नाही राहिली. आत मुकादम बसवलाय."

डॉक्टरांनी तिला एकच सांगितलं होतं. आम्हा बायकांचा फोन कुठे असतो? ब्लाऊजमध्ये, डावीकडे. तर तिथे ठेवायचा नाही. उजव्या कानाला लावा, हवं तेवढं बोला. तिने कमरेला पिशवी शिवून घेतली फोनसाठी. विषय संपला.

पण त्या खऱ्या दाण्याला धाकूकडून कणीस आलं. लाल फुलीचं चित्र, त्यात एक छाती, आतून जाळ. खाली लिहिलेलं, छातीत मशीन असलेल्या माणसाजवळ मोबाईल नेलात की मशीन बंद पडतं. नवीन टॉवर लागल्यापासून हजारो गेले, कंपन्या लपवतात, डॉक्टरांना त्याचे पैसे मिळतात. ज्याच्यावर प्रेम आहे त्याला वाचवा, पुढे पाठवा.

ज्याच्यावर प्रेम आहे. तिथेच घात झाला. आधीच्या सगळ्या गोष्टींत नीलाला स्वतःची भीती होती. स्वतःची भीती जयाने हसवून घालवली असती. ही भीती जयासाठी होती.

नीलाने जयाला फोन करणं बंद केलं. मग ग्रुपवर रडत रडत बोलली, "बायांनो, माझ्या जयेच्या जवळ फोन घेऊन जाऊ नका, तुमच्या पाया पडते." आणि बायकांनी ऐकलं. संध्याकाळी खाली बाकावर आम्ही बसतो तिथे जया आली की सगळ्या उठायच्या. "तू बस जया, तू बस, आम्ही लांब उभ्या राहतो." प्रत्येकीच्या हातात फोन, घरी ठेवून यायचं कुणालाच सुचलं नाही. अख्ख्या बाकावर एकटी जया आणि समोर अर्धगोल करून सगळ्या, जशी काही हिची मुलाखत आहे. वाईट कुणाच्या मनात नव्हतं. कुणी तिला लाडू आणायच्या, बाकाच्या टोकाला ठेवून मागे सरायच्या.

जया आपल्या पद्धतीने एकेकीकडे गेली. "लाव मला फोन. बघ, उजव्या कानाला धरते. उभी आहे ना तुझ्यासमोर?" एक-दोघींनी लावला. काही झालं नाही. तरी त्या म्हणाल्या, "आज नाही झालं ग, पण कशाला उगाच?" 'कशाला उगाच' काही लावून दाखवता येत नाही. कुकर तरी शिट्टी देऊन मोकळा होतो.

नीलाच्या घरात टीव्हीसाठी वायफायचा डबा होता, त्याचे दिवे लुकलुकायचे. म्हणून जयाला आत यायची बंदी. दाराच्या कडीला नीलाने एक कापडी पिशवी अडकवली. जयाने वाटी त्यात ठेवायची, हाक मारायची आणि जायचं. ती निघाली की नीला दार उघडून वाटी घ्यायची. परतीची वाटी तशीच त्या पिशवीत. बुधवारचा जवळा दोघी आपापल्या घरात खायला लागल्या. मी एकदा नीलाला म्हटलं, "अगं, डॉक्टर सांगतात ते खोटं आणि धाकू खरा?" ती म्हणाली, "आक्का, डॉक्टर खरा असला तर माझं काय जाणार आहे? चार दिवस दारातून बोलेन. पण धाकू खरा निघाला तर?" तिचा हिशेब तिच्या मायेने केलेला. त्यात चूक दाखवता येईना.

चार दिवसांचे महिने झाले.

वैशाखात एका दुपारी नीलाने सोलकढी केली. मी माझ्या दारात हवेला बसले होते, म्हणून समोर बघितलं. जया वाटी घेऊन कढी न्यायला आली आणि नेमकं नीलाने दार उघडलं. फोन नीलाच्या ब्लाऊजमध्ये, मागे डबा लुकलुकतोय. ती गडबडली. म्हणाली, "थांब तिथेच, थांब. वाटी पुढे धर." आणि उंबऱ्याच्या आत, होता होईल तेवढं मागे राहून तिने हात लांब केला आणि वरून कढी ओतली. जयाने दोन्ही हातांत वाटी धरलेली. धार वरून आली. थोडी वाटीत, थोडी मनगटावर, थोडी लादीवर.

जयाने वाटी खाली जमिनीवर ठेवली. मनगटावरून गुलाबी ओघळ कोपरापर्यंत गेला, तो पुसला पण नाही.

"नीले, आमच्या गावात पाटलांच्या ओट्याखाली आजी अशीच उभी राहायची. पाणी मागायला. ती ओंजळ धरायची, ते वरून सोडायचे."

"काय बोलतेस गो?"

"मी तिच्या लुगड्याला धरून असायचे. एकदा मीपण ओंजळ धरलीय."

नीलाने भांडं मागे घेतलं. "जये, मी? मी तुझ्या घरी येऊन पहिलं पाणी..."

"तूच ती. म्हणून तर बोलतेय. दुसऱ्या कुणाला बोलले असते का? तू कशासाठी लांब उभी आहेस ते मला कळतं ग. माझ्या हातांना नाही कळत. धार वरून आली की त्यांना जुनंच आठवतं."

आवाज चढवला नाही तिने. ती फक्त थकलेली दिसली. वाटी उचलली, मला म्हणाली, "आक्का, कढी घेतेस का अर्धी?" आणि आत गेली. नीला दारातच खाली बसली. गुडघे वाकत नाहीत तिचे, तरी बसली. उठवायला मला प्रीतीला हाक मारावी लागली.

त्यानंतर काही दिवस नीलाचं दार बंद होतं. आणि मग तो बुधवार आला. सकाळी जया माझ्याकडे चहा पीत होती तेव्हा तिच्या कमरेच्या पिशवीत फोन वाजला. नाव बघून तिने कप इतक्या घाईने ठेवला की बशी फुटली. नीलाचा फोन होता. किती महिन्यांनी.

त्याच दिवशी दुपारी जया गेली.

म्हणजे तशी संध्याकाळी, इस्पितळात. झोपली असेल म्हणून कुणी उठवलं नाही. दुपारच्या चहालाही आली नाही तेव्हा मी तिच्या घरी गेले, दार नुसतं लोटलेलं. ती चटईवर आडवी. श्वास होता, जाग नव्हती. ठाण्याला पोचेपर्यंत राजरत्न टिटवाळ्याहून आलेला. डोक्याचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले मेंदूतली शीर फुटली, प्रेशर होतं त्यांना, हृदयाचा काही संबंध नाही. मशीन त्यांनी तपासलं. राजरत्नला सांगितलं, मशीन अगदी शेवटपर्यंत आपलं काम करत होतं. बाकी सगळं थांबलं तरी ते ढकलत होतं.

नीलाला हे सांगायची सोय राहिली नाही. तिला एवढंच कळलं की सकाळी फोन केला आणि दुपारी जया गेली. त्यात आणखी एक झालं. दहन करण्याआधी इस्पितळवाले ते मशीन काढून घेतात, आगीत गेलं तर ते फुटतं. जिन्यात कुणीतरी हे बोललं आणि नीलाने ऐकलं. "बघा! फुटतं ना? फुटतं ना ते? मी कुकरला घाबरत होते तेव्हा ती शेजारी होती गो. आणि मीच तिला..."

राजरत्न स्वतः तिच्या पायाशी जाऊन बसला. शांत पोरगा आहे, आईवर गेलाय. म्हणाला, "मावशी, डॉक्टरांनी लिहून दिलंय. मी वाचून दाखवू?"

"तू गुणाचा आहेस बाबा. मला वाईट वाटू नये म्हणून वाचशील."

"मग डॉक्टरांशीच बोल."

"डॉक्टर सांगतील होय? ते त्यांचेच."

कुठलंही खरं तिच्याकडे गेलं की ते खोट्याच्या पोटात जायचं आणि खोटंच बाळसं धरायचं.

जयाच्या पुण्यानुमोदनाला, तिच्या आठवणीच्या वंदनेला, नीला आली नाही. त्याच संध्याकाळी मी तिच्याकडे बसले असताना प्रीतीच्या फोनवर धाकूचा फोन आला. नीला आपला फोन पिठाच्या डब्यात ठेवते हल्ली, बंद करून. प्रीतीने फोन मोठ्या आवाजावर लावून सासूसमोर धरला.

"ताय, तुझा फोन का लागत नाय? ऐक, तुमच्या डोंबिवलीतच झालंय हां, जपून रहा. एका बाईने मैत्रिणीला फोन केलान, तिच्या छातीत मशीन होतं, जागच्या जागी फुटली ती. पस्तीस वर्षांची पोरगी. सगळीकडे फिरतंय. मी तुला नव्हतो सांगत? मी तुला धाडलंय ते, तूपण पुढे धाड. कुणाचातरी जीव वाचेल."

धाकूला ठाऊक नव्हतं. त्याला जयाचं नावही माहीत नसेल. पहिल्या दिवशी नीलाने रडत रडत कुणा एकीला आवाज भरून धाडला होता, 'मी फोन केला आणि ती गेली.' त्याला पाय फुटले, ते राजापुरापर्यंत चालत गेलं, आणि तिच्या सख्ख्या भावाच्या तोंडून तिच्याच घरी परत आलं. एवढ्यातही मला वाटून गेलं, पस्तीस वर्षांची पोरगी! जया खूश झाली असती.

नीला फोनकडे बघून म्हणाली, "धाकू, मीच ती." तिकडून आवाज आला, "काय? ऐकू नाय आलं." प्रीतीने फोन बंद केला.

सान्वीने ग्रुपवर लिहिलं. डॉक्टरांचं सगळं नीट, मोठं लिहिलं, राजरत्नला विचारून. खाली पाच-सहा जोडलेले हात आले, एक अंगठा आला, दुसऱ्या दिवशी सकाळी फुलं आली आणि दुपारी तेच पस्तीस वर्षांच्या पोरीचं कुणीतरी परत टाकलं. सान्वी रडली. मी म्हटलं, "बाय, जयाआजी काय करायची?"

म्हणून मी वाटी घेऊन जाते. माझ्या हातचा जवळा जयासारखा होत नाही, नीला तसं तोंडावर सांगते, आणि ते ऐकून मला बरं वाटतं. मी म्हणते, "तुझा फोन काढ पिठातून. मला लाव. मी इथे शेजारी उभी राहते." ती म्हणते, "नको आक्का. बोट चालत नाही." जयाची वाटी तिच्या फळीवर आहे, त्या दिवशीची, धुऊन पालथी घातलेली. मी एकदा तिला हात लावायला गेले तर म्हणाली, "राहू दे. रिकामी देऊ नये. आणि भरून कुणाला देऊ?"

शेवटी मी तिला त्या सकाळचं सांगते. डॉक्टरांचं नाही, मशीनचं नाही. मी बघितलं तेवढंच. दर बुधवारी सांगते. ती 'खोटं' म्हणत नाही, 'खरं' पण म्हणत नाही. खिडकीकडे बघते आणि मध्ये कुठे मी काही गाळलं तर म्हणते, "आणि मिठाचं?" म्हणजे ऐकते.

तर त्या सकाळी बशी फुटली. जयाने फोन उजव्या कानाला लावला. मोठ्याने बोलायची सवय दोघींना, म्हणून मला दोन्हीकडचं ऐकू आलं.

"जये, लागला का?"

"लागला म्हणून तर बोलतेय."

"छातीत काय होतंय का?"

"होतंय ना. भूक लागलीय."

"लांब धर गो थोडा."

"आणखी लांब धरला तर तुझ्या घरातूनच ऐकू येईल. मग फोन कशाला?"

मग नीला म्हणाली, "जवळा आणतेस? आज आत ये. डबा बंद करून ठेवते मी."

"डबा राहू दे चालू. बिचारा लुकलुकतोय. तू आंघोळ करून घे, मी परतून आणते."

फोन पिशवीत गेला. जयाने बशीचे तुकडे गोळा केले, मला हात लावू दिला नाही. म्हणाली, "आक्का, लागला बाई एकदाचा." आणि गुडघ्यांना हात न लावता उठली.

मला कोथिंबीर हवी होती म्हणून मीपण खाली उतरले. कोपऱ्यावर मावशी बसलेली. जयाने जवळा चिमटीत घेतला, वास घेतला, एक कण जिभेवर ठेवला.

"मावशे, जवळा विकतेस का मीठ?"

"जया, दर बुधवारी तेच बोलतेस आणि दर बुधवारी नेतेस."

"मीठ संपलं की नेते."

मावशीने वरती एक मूठ जास्तीची टाकली. येताना लिफ्ट बंद होती. जया माझ्या पिशवीतली कोथिंबीरपण घेऊन जिना चढली, कारण मला धाप लागते. मधल्या वळणावर माझ्यासाठी थांबली. तिला काही लागली नव्हती धाप.

मग तिच्या घरून कांद्याचा वास आला, मग जवळ्याचा, मग कोकमाचा. मी दारात बसून कोथिंबीर निवडत होते. जया वाटी घेऊन बाहेर आली, वर ताटली झाकलेली, पदराने धरलेली कारण वाटी गरम. नीलाचं दार आतून लावलेलं. बाथरूममध्ये पाण्याचा आवाज. जयाने थोडी वाट बघितली. मग कडीची कापडी पिशवी एका हाताने उघडली, वाटी आत ठेवली, ती कलंडत नाही ना ते खालून हात लावून बघितलं.

"नीले, वाटी कडीला लावलीय ग. गरम आहे. मी जरा पाठ टेकते आणि येते, मग खाऊ."

आतून नीला ओरडली, "मीठ बघितलंस का?"

"बघितलं," जया म्हणाली, आणि घरी गेली.